लाखनीच्या समुद्रातलं मीठ

माझा फोन वाजला की पलीकडून हमखास पहिला प्रश्न येतो, "बाई, रोहू काय भाव?" लोकांनी आपापल्या मोबाइलात माझं नाव 'मासेवाली बाई' असं ठेवलंय, त्याला मी तरी काय करणार. आमचा भंडारा जिल्हा तलावांचा. इथं मासा म्हटला की तो रश्श्यातच पोहायला हवा, अशी सगळ्यांची समजूत. मग मी सांगते, मी खायचे मासे विकत नाही, पाहायचे मासे सांभाळते. मग विचारतात, "पाहाचे म्हंजे? पाहून मंग काय करता त्यायचं?"

माझं सासर विणकरांचं. सासऱ्यांचे माग थांबले तसं नवऱ्यानं भंडाऱ्यात काचेचं दुकान टाकलं. खिडक्यांच्या काचा कापता कापता एका गिऱ्हाइकानं मासे ठेवायची टाकी करून मागितली. काच नवऱ्यानं कापली, सांध्यात सिलिकॉन मी भरलं. मागावर बसलेला हात होता, रेघ सरळ आली आणि टाकी गळली नाही. तिथून टाक्या बनवणं आणि पुढे त्या सांभाळणं हेच माझं काम झालं. भंडारा, लाखनी, साकोली ह्या पट्ट्यातले दवाखाने, हॉटेलं, लग्नाची लॉनं आणि काही हौशी घरं माझ्याकडे आहेत. एसटीनं जाते. पाठीवरच्या पिशवीत पाइप, जाळी, पाणी तपासायच्या बाटल्या. कंडक्टर मला नर्स समजतात आणि मी समजू देते.

ह्या धंद्यात संशयी स्वभाव लागतो. माझ्यात तो आधीपासूनच होता असं नवरा म्हणतो. गिऱ्हाईक खोटं बोलतं, हे धरूनच चालावं लागतं. दाणे किती वेळा टाकता विचारलं की सगळे 'एकदाच' म्हणतात, आणि तळाशी दाण्यांचा गाळ बोटभर साचलेला असतो. साकोलीच्या एका दवाखान्यात फिल्टर उघडला तर आत खर्र्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी. डॉक्टर म्हणाले, हवेनं उडून आली असेल. टाकीला झाकण होतं. मी पन्नी धुऊन त्यांच्या टेबलावर ठेवली आणि कामाला लागले. माणसाला विचारायचं नाही, पाण्याला विचारायचं, ही माझी पद्धत. पाणी लपवाछपवी करत नाही.

आता ज्या घराची गोष्ट सांगायची आहे ते लाखनीचं. हायवेला लागून राइस मिल आणि मिलच्या मागे मोठं घर. मालक दामोदरभाऊ, बायको वारलेली, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांचा मुलगा निखिल दिवसभर मिलमध्ये. सून अश्विनी सानगडीच्या शेतकऱ्याची मुलगी, प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. आणि दामोदरभाऊंची आई, जिला सगळे आजी म्हणत. माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांत खाऱ्या पाण्याची टाकी फक्त ह्यांच्या घरी होती.

गोड्या पाण्याच्या टाकीचं एखादा आठवडा दुर्लक्ष झालं तर ती रुसते, खाऱ्या पाण्याची मरते. समुद्र लाखनीत मिळत नाही, तो करावा लागतो. आरओचं शुद्ध पाणी ड्रममध्ये घ्यायचं आणि त्यात समुद्री क्षारांचं तयार मीठ ढवळायचं. हे मीठ पाकिटात येतं, किराणा दुकानातलं चालत नाही. मग एका लहान दुर्बिणीसारख्या नळीतून खारटपणा पाहायचा. काचेवर पाण्याचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे धरायचं, आत पट्टीवर रेघ दिसते. ती रेघ जागची हलली की समजायचं, काहीतरी बिनसलं.

लग्नाआधी अश्विनी साकोलीच्या एका कॉलेजात तासांवर शिकवायची. मिलवाल्यांच्या सुनेनं तासांवर कायले जायचं, असं घरात ठरलं आणि ते सुटलं. टाकीची कल्पना तिची. दामोदरभाऊंनी होकार दिला तो वेगळ्याच कारणानं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की हॉलच्या ईशान्य कोपऱ्यात पाणी असलं की घराला बरकत येते. सुरुवातीला एक मासा मेला, तेव्हा त्यांनी मलाही बोलावून सर्वांसमोर सुनावलं, "मी सीधा माणूस आहो. ईशान्येले मेलेला जीव मले चालत नाही. अजून एक जरी मेला तं टाकी बाहेर." त्यानंतर टाकीत तीनच जीव उरले होते. पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी क्लाउन मासे, आणि ते दोघं ज्यात राहत ते समुद्रफूल.

समुद्रफूल हे नाव फुलाचं, पण ते आहे जनावर. खाली मांसल तळवा असतो, त्यानं दगडाला धरून बसतं. वर बोटांसारखा झुबका, मधोमध तोंड. खाणंही तिथूनच आणि टाकणंही तिथूनच. जागा मानवली नाही की तळवा सोडतं आणि गोगलगायीच्या चालीनं दुसरीकडे सरकतं. अश्विनी त्याच्यासमोर उभी राहिली की मला तिच्या कॉलेजातली मास्तरीण दिसायची. एकदा काच पुसता पुसता म्हणाली, "मंदाताई, ह्या घरात मले फक्त इथंच काही समजते." मी वर पाहिलं नाही. अशा वेळी माणसाकडे पाहिलं की ते रडतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर माझ्या कढईत चकल्या असताना तिचा फोन आला. "फूल कटलं. तुम्ही येता का?" चकल्या नवऱ्याच्या हवाली करून मी एसटी पकडली.

झालं होतं असं. टाकीत लाटा करणारा एक छोटा पंप असतो, आत पंखा, वर स्पंजची टोपी. लाइट गेली, पंप थांबला. फूल आधीच जागा सोडून फिरत होतं, ते नेमकं पंपाच्या जाळीवर जाऊन बसलं. लाइट आली आणि पंख्यानं त्याला आत ओढलं. स्पंजची टोपी कुठे होती, हे मी पहिल्यांदा विचारलं.

"मीच काढली होती, धुवाले," अश्विनी म्हणाली.

विचारल्याबरोबर खरं सांगणारी माणसं मला जास्त संशयास्पद वाटतात. मी नुसतं हं म्हटलं.

फुलाची निम्मी बोटं चिंधड्या झाली होती. तळव्याच्या कडेला चीर होती, तोंड आ वासलेलं, आणि त्यातून तपकिरी शेंबूड येत होता. जिवंत आहे की नाही हे ओळखायचा एकच खात्रीचा मार्ग, वास. मेलेल्या समुद्रफुलाचा वास असा असतो की सगळं घर रिकामं होतं. मी नाक जवळ नेलं. फक्त खारट वास आला. "आहे," मी म्हटलं, आणि अश्विनी तिथंच फरशीवर बसली.

अशा जखमेला औषध नसतं. माशांची बहुतेक औषधं ह्या जनावराला विषच. ओढायचं नाही, नख लावायचं नाही. पंप बंद करून, तळव्याखाली बोटाचा मऊ भाग सरकवत सरकवत मी ते जाळीवरून सोडवलं. स्वयंपाकघरातल्या नव्या प्लास्टिकच्या चाळणीत सपाट दगड ठेवला, त्यावर त्याला बसवलं, आणि चाळणी टाकीतच कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात अडकवली. टाकीत मध्ये जाळी लावून दोन्ही क्लाउन पलीकडे केले. ते बिचारे मायेनंच अंग घासायला येतात, पण जखमेला ती माया सोसत नाही. शेंबूड मोठ्या सिरिंजनं ओढून घ्यायचा, पाणी रोज थोडंथोडं बदलायचं. खायला काही द्यायचं नाही. हे शेवटचं मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं गाठून सांगितलं, कारण आजारी दिसलं की त्याला भरवायची घाई आपल्याकडे सगळ्यांना असते. तळव्यानं दगड धरला तर जगलं. धरला नाही तर कोणत्याही दिवशी वास सुटणार.

मी भंडाऱ्याहून सारखी जात राहिले. चीर काळी पडली नाही, ही चांगली खूण. पण फूल दिवसेंदिवस आक्रसत होतं आणि तळवा दगड धरत नव्हता. मग मी नळीतून खारटपणा पाहिला. रेघ उतरलेली. अश्विनीची नळी बिघडली असेल म्हणून माझी काढली. तीही तेच सांगत होती. पुढच्या खेपेला रेघ आणखी खाली.

इथं मला जरा थांबून सांगावं लागेल, कारण माझा सगळा संशय ह्या एका गोष्टीवर उभा राहिला. टाकीतलं पाणी उडून जातं, पण मीठ उडत नाही. म्हणून पाणी कमी झालं की साधं पाणी भरायचं आणि खारटपणा जागेवर येतो. दुर्लक्ष झालं तर टाकी जास्त खारट होते. कमी खारट होणं शक्यच नाही, कोणी मीठ बाहेर नेल्याशिवाय. टाकी गळत असेल म्हणून मी खालचं लाकूड चाचपलं. गळतीच्या जागी पांढरा खार धरतो, तो नव्हता. ड्रममधलं पाणी तपासलं, ते बरोबर. कोणी वरून साधं पाणी ओतत असेल तर पातळी वाढायला हवी होती, पण पाणी नेहमीच्या खुणेवर होतं. म्हणजे कोणीतरी खारं पाणी काढत होतं आणि तेवढंच साधं पाणी मोजूनमापून परत भरत होतं. मेहनती चोर होता.

"तू काही बदललंस का?" मी अश्विनीला विचारलं.

"नाही."

"आठव."

"मंदाताई, मी रोज सांगून राहिली, नाही म्हणून. तुम्हीच दुसऱ्या टाकीत हात घालून इकडं येत असाल न."

हे मला लागलं. पण पोरगी माझ्यावर संशय घेते म्हणजे धंदा शिकते आहे, असंही मनात आलं.

घरातल्यांकडे मी आता वेगळ्या नजरेनं पाहू लागले. निखिल एकदा म्हणाला होता की बायको माझ्याशी बोलत नाही तेवढं माशांशी बोलते. तो एक. पण माझं खरं लक्ष दामोदरभाऊंवर. पहिला मासा मेल्यापासून त्यांना कोपरा मोकळा हवा होता. फूल आपोआप मेलं की शब्दानं शब्द न वाढता टाकी जाणार होती. मी आले की ते पेपर खाली करून माझ्या हाताकडे पाहत. मीही त्यांच्या हाताकडे पाही. आजी तेवढ्या टाकीसमोर चटईवर बसून माळ ओढत. त्यांच्याकडे पाहायचं माझ्या मनातही आलं नाही.

त्यात अंगणातली तुळस करपू लागली. कार्तिक चालू, तुळशीचं लग्न तोंडावर, आणि वृंदावनातल्या तुळशीची पानं कडेनं तपकिरी होऊन गळत होती. दामोदरभाऊंनी मला हॉलमध्ये उभं केलं. अश्विनी स्वयंपाकघराच्या दारात होती. तिला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "घरात कटलेला जीव ठेवला अन् तुळस जळाली. हे माह्या घरात आजवर झालं नव्हतं. बाई, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी तुम्ही या अन् टाकी रिकामी करून द्या. तोवर ते फूल उभं राहिलं तं पाहू."

अश्विनी आत गेली. थोड्या वेळानं सिरिंज घेऊन बाहेर आली आणि टाकीपाशी बसून फुलाचा शेंबूड ओढू लागली.

मी हात धुवायला अंगणात गेले. नळ वृंदावनाशेजारीच. ओणवी झाले आणि वृंदावनाच्या विटांवर मला पांढरी रेघ दिसली. टाकी गळली की लाकडावर दिसते, तशीच. कुंडीतल्या मातीवरही पांढरी साय. बोट लावून जिभेवर ठेवलं. खारट, आणि मागून कडवट. किराणा दुकानातलं मीठ कडवट लागत नाही.

मला वाटलं, धरलं. म्हणजे ह्या माणसानं फुलाचं पाणी काढून तुळशीला घातलं! एका दगडात दोन्ही पक्षी. फूलही मरेल, तुळसही जळेल, आणि दोन्हीचं खापर सुनेवर. माझं डोकं तापलं. तशीच आत गेले आणि विचारलं, "भाऊ, तुळशीला पाणी कोण घालतं?"

"माय," ते पेपरातून वर न पाहता म्हणाले. "आजवर दुसऱ्यानं कोणी घातलं नाही. आम्ही हात लावला तं माय जेवत नाही."

माझा सगळा ताव ओसरला. अशा वेळी आपण आणखी तोंड उघडलं नव्हतं ह्याचं फार बरं वाटतं.

आजी मागच्या ओसरीवर वाती वळत होत्या. मी शेजारी बसले. आडवळणानं विचारण्यात मी पटाईत, पण म्हाताऱ्या माणसांपुढे ते चालत नाही. सरळच म्हटलं, "आजी, टाकीतलं पाणी तुम्ही घेता?"

"घेतो न वं." कापसावरचं बोट थांबलं नाही. आजी बोलताना कधी कधी बाप्यासारखं बोलत, तिकडल्या जुन्या बाया बोलतात तसं. "कोजागिरीपासून आंघोळीत टाकतो. कातिकात समुद्राची आंघोळ भाग्याची असते. आता ह्या वयात मले समुद्रावर कोण नेते? मंग समुद्रच घरी आला."

"रोज?"

"रोज एक गडवा. काकड्याले जायच्या आधी. अन् भजनातल्या बाया बाटल्या घेऊन येतात, त्यायले बी देतो. उरलं ते तुळशीले. फुकट नाही घेत वं, जेवढं काढतो तेवढं साधं पाणी मोजून टाकतो. पाण्याचा ऋणी राहू नये माणसानं."

गडवा म्हणजे तांब्या, आणि तो अस्सल तांब्याचाच. ह्या जनावराला तांबंही सोसत नाही. आजी प्रामाणिकपणे मोजून परत टाकत होत्या म्हणूनच कोणाला कळलं नव्हतं. चोरासारखं नुसतं नेलं असतं, तर पाणी कमी दिसलं असतं आणि अश्विनीनं दुसऱ्याच दिवशी पकडलं असतं. फूल पंपाकडे फिरायला निघालं तेही मीठ उतरल्यामुळेच असावं, असा मला संशय आहे. तो मी आजींना कधीच सांगितला नाही.

बाकीचं सांगितलं. मीठ कसं जातं, फुलाला काय होतं, तुळस कशानं जळाली. आजी म्हणाल्या, "समुद्र आटते का वं बाई, गडवाभर नेल्यानं?"

"हा फार लहान आहे, आजी."

त्यांनी वाती खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "तुळस म्या जाळली म्हंते तू. जसजशी सुकली तसतसं म्या जास्त घातलं."

"तुमच्या नातसुनेच्या माथी चाललंय सगळं."

"दामूले सांगू नको. हासतीन मले सारे. मीच सांगतो."

मी कबूल केलं. पण त्या सांगतील असं मला वाटलं नाही. घरातलं सर्वांत मोठं माणूस आपली चूक घरासमोर सांगतं, हे मी कुठल्याच घरात पाहिलं नव्हतं. अश्विनीला मी एवढंच म्हटलं की आता मीठ हळूहळू वर आण, एकदम आणलंस तर तो दुसरा धक्का. ती म्हणाली, "पण गेलं कुठं होतं?" मी म्हटलं, सापडेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ते पिशवीत घालून भंडाऱ्याला नेलं असावं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी मी पोचले तेव्हा निखिल वृंदावनाला ऊस बांधत होता. आत तुळशीची नुसती काडी. मिलमधले चार हमाल ओसरीवर बसले होते, टाकी उचलायला. आदल्या खेपेला खारटपणा जागेवर आला होता, पण फूल तसंच मुठीएवढं. दगड धरलाय की नुसतं त्यावर पडलंय, हे चाळणीत नीट दिसत नव्हतं. हात लावून पाहायची माझी हिंमत झाली नव्हती.

"काढा पाणी," दामोदरभाऊ म्हणाले. "गोधूळीले लग्न लागते. तोवर कोपरा मोकळा पायजे."

अश्विनी दोन्ही क्लाउन ठेवायला बादली घेऊन उभी होती. टाकी जाणार हे तिनं आदल्या दिवशीच मनाशी धरलं असावं, डोळे सुजलेले होते, पण बादलीतलं पाणी बरोबर तपासून आणलेलं. मी पाइप टाकीत सोडला, तोंडानं ओढ दिली आणि पाणी खालच्या रिकाम्या बादलीत पडू लागलं. मी कितीतरी टाक्या रिकाम्या केल्या आहेत. ह्या वेळी मात्र पाणी सावकाश पडावं म्हणून मी पाइपाचं तोंड उंच धरलं. आजी कुठे दिसत नव्हत्या. मनात म्हटलं, बरोबर, आता कशाला येतील.

बादली भरत आली तेव्हा त्या देवघरातून आल्या. हातात तो गडवा. टाकीसमोर खाली बसल्या आणि म्हणाल्या, "दामू, पाइप काढायले सांग."

"माय, आता मधात बोलू नको."

"तुळस म्या जाळली. अन् ह्या फुलाचं मीठ बी मीच नेलं. ह्या पोरीनं काही नाही केलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. गडवा, बाटल्या, भजनातल्या बाया, काही वगळलं नाही. हमाल दारातून ऐकत होते. हसलं कोणी नाही.

मी पाइप दाबून धरला होता. दामोदरभाऊ आईकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "माय, पण हा समुद्र नाही न. हे आरओचं पाणी आहे. अश्विनी त्याच्यात मीठ घोलते."

आजींचा हा एकच आधार होता, तोच गेला तर टाकीच्या बाजूनं घरात बोलणारं कोणी उरणार नव्हतं. आजी माझ्याकडे वळल्या. "बाई, तू सांग. समुद्राचंच हाय नं हे?"

दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात माझी हयात गेली. मी म्हटलं, "हो आजी. समुद्राचंच."

"खोटं कायले बोलते वं?" आजी शांतपणे म्हणाल्या. "ही पोट्टी ड्रमात मीठ टाकते तवा झाकण मीच धरतो. मी काय आंधळी आहो? पण फूल तं समुद्रातलं हाय नं? ते ज्या पाण्यात जित्तं राहाते, तो समुद्र. ते मेलं का मंग मिठाचं पाणी. मंग खुशाल नालीत टाका."

मग दामोदरभाऊंनी मला विचारलं, आणि पहिल्यांदाच माझ्या हाताकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "जित्तं आहे का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

"मग पाहा."

मी बाही वर करून हात पाण्यात घातला. चाळणी हळूच तिरपी केली. मेलेलं असतं तर घसरून एका बाजूला गोळा झालं असतं. आणखी तिरपी केली. फूल लोंबलं, बोटं एका दिशेला कलली, पण तळवा जागचा हलला नाही. सिरिंजनं त्याच्यावर पाण्याचा फवारा सोडला. ते आक्रसलं, आणि दगड अजून घट्ट धरला. माझ्या पाठीमागे अश्विनीचा श्वास मला ऐकू येत होता.

"सोडत नाही," मी म्हटलं.

दामोदरभाऊ हमालांना म्हणाले, "जा रे, चहा घ्या अन् मिलमधे जा." मग निखिलला हाक मारून शेजाऱ्यांकडून तुळशीचं रोप आणायला पाठवलं. कुंडीतली माती सगळी बदलायला सांगितली. अश्विनीला ते काहीच बोलले नाहीत. माफी मागायची सवय नसलेला माणूस कामं सांगत सुटतो, हे मी ओळखून आहे.

काढलेल्या पाण्याची बादली तशीच मध्ये होती. ते पाणी परत टाकीत घालायचं मी ठरवत होते, एवढ्यात अश्विनी खाली बसली. आजींच्या हातातला गडवा तिनं काढून घेतला, बाजूला ठेवला, आणि स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला. तो बादलीत बुडवून भरला आणि आजींपुढे धरला. "आजी, काढलेल्या पाण्यातलं घेत जा. मी रोज देईन. टाकीत हात नका घालू."

आजींनी पेला घेतला. बोटं बुडवून डोळ्यांना लावली.

दामोदरभाऊ जवळ आले. मला वाटलं, आता चाखून पाहतात, खरंच खारट आहे का म्हणून. ते सुनेसमोर वाकले आणि तीर्थाला करतात तसा उजवा हात खोलगट करून पुढे केला. "मले बी दे थोडं."

अश्विनीनं त्यांच्या हातावर पाणी घातलं. त्यांनी ते डोळ्यांना लावलं आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. खारं पाणी डोळ्यांत गेलं की चुरचुरतंच. पण इतका वेळ चुरचुरत नाही, एवढं ह्या धंद्यात राहून मला कळतं.